चमचाभर उमरेड

उमरेडला बाहेरून येणारे लोक साधारण दोन जातीचे. एक, पहाटेच्या थंडीत जिप्सीत कुडकुडत कऱ्हांडला गेटकडे निघालेले. त्यांना वाघ हवा असतो. दुसरे, डोक्यावर हेल्मेट चढवून वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीकडे निघालेले. त्यांना कोळसा हवा असतो. दोघांच्याही गाड्या ज्याच्यावरून जातात त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. फार तर पावसाळ्यात चाक रुतलं की दोन शिव्या.

ती माती. नागपूरपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर, भिवापूर-नागभीडच्या रस्त्याला लागलेल्या या तालुक्यातली. तिच्या काही गमती इथे गोळा केल्या आहेत. सगळ्याच फक्त उमरेडच्या नाहीत, पण बहुतेकींचा खुंटा इथेच ठोकता येतो.

वाघ हमखास दिसेल, फक्त सूक्ष्मदर्शक आणा

कऱ्हांडल्याच्या सफारीत वाघ दिसेलच याची हमी कोणी देत नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, चमचाभर जिवंत मातीत शिकार मात्र अखंड चालू असते. त्या चमच्यात जगातल्या माणसांपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असतात असं सांगतात, पण गर्दी सोडा, तिथले शिकारी बघा. काही बुरश्या आपल्या धाग्यांचे फास तयार करतात. अवघ्या तीन पेशींची एक गोल कडी. मातीतला सूत्रकृमी सरपटत त्या कडीत शिरला की तिन्ही पेशी फुगतात आणि फास आवळला जातो. वेळ लागतो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. मग बुरशी निवांतपणे त्याला आतून खाते. यांतलेच काही सूत्रकृमी टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी आणतात, म्हणजे ही बुरशी शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. तिच्यासाठी जिप्सी बुक करायला नको, फक्त तिचं घर दरवर्षी उलथंपालथं करू नये.

काळं दिसतं म्हणून फसू नका

आमच्याकडे जमीन दाखवताना माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, "काळीभोर आहे, पाहा!" आणि ऐकणारा मान डोलावतो. काळी म्हणजे कसदार, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

गंमत अशी की आपल्या काळ्या मातीचा काळेपणा मुख्यतः सेंद्रिय कर्बाचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला, तो झिजला. त्यातलं टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट हे खनिज काळं. शिवाय चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेला थोडासा ह्यूमस. थोडासाच, पण रंग मात्र गडद देतो. चमचाभर काजळानं तांब्याभर पाणी काळं व्हावं तसं.

म्हणून रंगानं काळीकुट्ट आणि कर्बानं फाटकी, अशी जमीन असू शकते, असतेच. मृदा आरोग्य पत्रिका हातात आली की लोक नत्र-स्फुरद-पालाशकडे बघतात. खरं म्हणजे आधी 'सेंद्रिय कर्ब' ही ओळ शोधावी. ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.७५च्या वर म्हणजे चांगला, ही देशात रूढ असलेली ढोबळ मोजपट्टी. आकडे किती बारीक वाटतात! पण एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण नऊशे टन माती असते. ०.४चा ०.५ करायचा म्हणजे त्यात नऊशे किलो निव्वळ कर्ब मुरवायचा. आणि मुरवायचा नवतपा तापवणाऱ्या आपल्या उन्हात, जिथे टाकलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब काही महिन्यांत हवेत निघून जातो. बँकेत पैसे भरावेत आणि खात्यातून रोज कोणीतरी काढत राहावं, तसं.

उमरेडचं दुखणं असं की इथे कर्बाची दोन दुकानं एकावर एक आहेत. खाली गोंडवाना काळातला कोळसा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना, म्हणजे तेव्हाची झाडंझुडपंच. उमरेड, मकरधोकडा, गोकुळ अशा खाणींतून तो निघतो. वर अर्ध्या फुटात ताजा कर्ब. माझे एक काका धुऱ्यावर बसून एका वाक्यात हिशेब मांडतात, "खालचा काढून राह्यले, वरचा जाळून राह्यले, मंग उरते काय, बाप्पा?"

उघड्या खाणीत आधी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची असते, नंतर ढिगांवर पसरायला. कारण साधं. खालून निघालेल्या दगड-मुरमाच्या ढिगावर बी टाकलं तर तिथे त्याला ना अन्न, ना ओल, ना सोबतीला जीवजंतू. नागपूरच्याच 'नीरी' संस्थेनं खाणींच्या अशा उजाड ढिगांवर सेंद्रिय खत आणि निवडक जिवाणू-बुरश्या घालून झाडं उभी करण्याचं काम केलेलं आहे. झाड लावण्याआधी जमिनीला विरजण लावायचं, असा तो प्रकार.

स्वतःला नांगरणारी, घराला तडे देणारी

मार्च-एप्रिलमध्ये रिकाम्या वावरात चाललात तर भेगांत पाय जाईल अशी स्थिती. भारी काळ्या जमिनीत काही भेगा हातभर खोल जातात. त्यात वरची भुसभुशीत माती घरंगळत पडते. पाऊस आला की चिकणमाती फुगते, भेग मिटते, आत पडलेली माती दाबली जाते आणि खालची वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःच स्वतःला उलटते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिच्या गटाला नाव दिलं 'व्हर्टिसॉल'. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे उलटणं. इतका फुकटचा नांगर असताना आपण वर आणखी ट्रॅक्टर लावतो, हे तिला कसं वाटत असेल देव जाणे.

हीच फुगाफुगी बांधकामवाल्यांची डोकेदुखी. विजेचे खांब तिरके होतात, कुंपणाच्या भिंती तडकतात. गवंडी पाया घेताना काळी माती उपसून फेकतो आणि मुरूम भरतो. एकाची काळी आई, दुसऱ्याचा काळ.

गिरडच्या गोट्यांची गोष्ट

उमरेडहून हिंगणघाटच्या वाटेवर गिरड लागतं, समुद्रपूर तालुक्यात. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा. टेकडीवर गोल गोल दगड विखुरलेले. कथा अशी की एका व्यापाऱ्यानं बाबांची थट्टा केली आणि त्याचा सगळा माल दगड झाला. इंग्रज अमलातल्या गॅझेटियरनंही ही कथा टिपून ठेवली आणि शेजारी लिहिलं, हे गोटे झिओलाइटचे.

आता योगायोग बघा. झिओलाइट हे बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होणारं खनिज. आतून बारीक जाळीसारखं. पाणी धरून ठेवतं, अमोनियाही धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. म्हणून जगात कित्येक ठिकाणी ते मुद्दाम मातीत मिसळतात. बाबांनी शिक्षा म्हणून दिलेला माल आज पोत्यात भरून विकला जातो.

मातीची बाराखडी

इंग्रजांनी जमिनीची प्रतवारी केली तेव्हा नावं बनवावी लागली नाहीत, शेतकऱ्यांच्या तोंडची घेतली. नागपूरकडे काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी, नदीकाठची कछार. वैनगंगेकडे सरकलं की धानवाल्यांची भाषा सुरू, तिथे कन्हार आणि सिहार. बरडी म्हणजे जिच्यात घाम गाळावा आणि ज्वारी तेवढी घ्यावी. या तालुक्याची मजा म्हणजे तो अगदी वेशीवर बसलाय. पश्चिमेला कापूस-सोयाबीनची काळी, पूर्वेला धानाच्या बांध्या सुरू. मधे भिवापूरची मिरची आणि पलीकडे वायगावची हळद. दोघींनाही भौगोलिक मानांकन मिळालंय. हे मानांकन म्हणजे मातीचा पत्ता असलेलं आधार कार्डच.

आणि गावच्या जमिनीची जुनी वाटणी तर दोनच शब्दांत. राहायची ती पांढरी, पिकवायची ती काळी. हल्ली ले-आउट पडायला लागल्यापासून काळीची पांढरी होण्याचा वेग बघवत नाही. नागपूर रोडनं जाताना खांबांवरच्या पाट्या मोजा, पुढचं मी बोलत नाही.

दुसऱ्या भाषेत सांगून दाखवा

वाफसा. पाऊस पडून गेलाय, चिखल ओसरलाय, माती मुठीत दाबली तर लाडू होतो आणि बोटानं टिचकी मारली तर फुटतो. ना ओली, ना कोरडी. शास्त्रज्ञ सांगतात की उत्तम मातीत जेमतेम निम्मा भाग घन असतो, उरलेला निम्मा पोकळ आणि त्या पोकळीत हवा अन् पाणी अर्धं-अर्धं. एवढं सगळं आपल्या आज्या-पणज्यांनी एका शब्दात बसवलं. ट्रॅक्टर ओल्या वावरात घातला की सर्वात आधी मरते ती ही पोकळी.

डार्विन, पियानो आणि गांडूळ

उत्क्रांतीवाल्या डार्विनचं शेवटचं पुस्तक माकडांवर नाही, गांडुळांवर आहे. १८८१ साली आलं, पुढच्या वर्षी तो गेला. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली होती. त्यांना शिट्टी ऐकवली, मुलाकडून बॅसून नावाचं भलंमोठं वाद्य वाजवून घेतलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग कुंडी थेट पियानोवर ठेवली आणि एक सूर दाबला, तशी ती सर्रकन बिळात. ऐकू येत नाही, कंप कळतो. नांगराचा फाळ जवळ आल्यावर त्यांना काय वाटत असेल, याचा अंदाज यावरून बांधावा.

त्याचा हिशेब असा होता की इंग्लंडात एकरी दहा टन माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. गांडूळखताच्या बेडमध्ये वळवळणारी लालसर 'आयसेनिया फेटिडा' मूळची युरोपकडची. ती शेण-काडीकचऱ्यात राहणारी, वावरात खोल बिळं करणारी नव्हे. तिला पोत्यात आणून कपाशीत सोडणं म्हणजे गाद्यांवर झोपणाऱ्या शहरी पाहुण्याला खाणीत कामाला लावणं. तिचं खत न्या, तिला घरी राहू द्या. वावराची गांडुळं वावरातच असतात, खायला काडीकचरा आणि डोक्यावर सावली मिळाली की आपसूक वर येतात.

पहिल्या पावसाला टीबीचं औषध

मृगाच्या पहिल्या सरीचा वास. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्या वासातला मातकट भाग म्हणजे जिओस्मिन, आणि तो बनवतात स्ट्रेप्टोमायसिस गटातले मातीतले जिवाणू. माणसाचं नाक या एका गोष्टीत भलतंच तिखट, अब्जावधी भागांत काही कण असले तरी पकडतं. पण तो दरवळ आपल्यासाठी नाहीच. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या वासानं उड्या मारणारे चिमुकले स्प्रिंगटेल धावत येतात, जिवाणूंचे बीजाणू अंगाला लावून पुढे घेऊन जातात. आपण फुकटचे ऐकणारे.

याच गोतावळ्यातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्यानं स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं, क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. १९५२चं नोबेल त्याच्या गुरूला, सेल्मन वॅक्समनला मिळालं. शॅट्झ त्याआधीच कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून नाव लावून आला होता. मातीवरून भावकीची भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही.

गाठ कापा, रंग बघा

हे घरच्या घरी करण्यासारखं. ऑगस्टच्या आसपास, सोयाबीन फुलावर आलं की एक झाड काढा. ओढून नको. ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि आपण म्हणतो, बियाणं खराब. खुरप्यानं बाजूची माती धरून ढेकळासकट उचला, बादलीत बुडवा, माती सुटू द्या. मुळांना मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं चिरा. आत गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे, आत बसलेले रायझोबियम हवेतला नत्र पकडतायत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर संप.

तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावाचा, लेगहिमोग्लोबिनचा. आणि जिथे युरियाचा भडिमार झाला तिथे गाठी कमी, कारण झाडाला घरबसल्या डबा मिळतोय, मग ते आचारी कशाला ठेवेल? मी गेल्या वर्षी एकाच वावरात दोन ठिकाणी उकरून पाहिलं. धुऱ्याकडच्या झाडाला मोजता मोजता कंटाळा आला, पोतं ठेवायच्या जागेजवळच्या झाडाला सहा निघाल्या, त्यातल्या दोन पोकळ. सांडलेल्या युरियाची ती सही.

पऱ्हाटी जाळू नका, रस्त्यावर टाका

कापूस संपला की पऱ्हाटी, तुरीची तुऱ्हाटी यांचं काय करायचं हा प्रश्न आणि काडेपेटी हे उत्तर. शंभर वर्षांपूर्वी अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञालाही इंदूरमध्ये हाच प्रश्न होता. त्याची युक्ती देशी निघाली. पऱ्हाट्या चक्क शेतरस्त्यावर अंथरल्या. वरून बैलगाड्या, गुरं, माणसं जात राहिली. काही दिवसांत त्यांचा भुसा झाला, मग तो गोठ्यात आणि गोठ्यातून कंपोस्टच्या ढिगात. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. १९३१च्या त्या मूळ पुस्तकावर हॉवर्डच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. जगातल्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्डचा फोटो असतो, वाड यांचं नाव तळटीपेत सुद्धा सापडलं तर नशीब.

हल्ली बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरचा श्रेडर आलाय, काम तेच. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी उभी ठेवणं धोक्याचं, हे खरं. पण ती वावरातून काढणं वेगळं आणि पेटवणं वेगळं.

आणि शेण? तान्हा पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात, बोजारा गोळा करतात. दृश्य गोड आहे. फक्त लाकडी बैल शेण देत नाही, आणि खऱ्या बैलांच्या जोड्या दरवर्षी कमीच दिसतात. जाता जाता, एका जातीचा शेणकिडा रात्री आकाशगंगेकडे बघून सरळ रेषेत गोळा ढकलतो, हे २०१३ साली सिद्ध झालं. शास्त्रज्ञांनी किड्यांना चिमुकल्या टोप्या घालून आकाश झाकलं, तर ते भरकटले. शेणातल्या मंडळींना एवढं खगोलशास्त्र येतं.

फुल्यांची माती, पोलिसांचे बांध

'पुनरुज्जीवक शेती' हा शब्द नवा, कार्यशाळांत मिरवणारा. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी डोंगरावरचा पालापाचोळा, कुजलेलं गवत, मेलेले कीटक पावसाबरोबर वाहून शेतांना कसं खत देत, ते सांगितलंय. पुढे उपायही अस्सल फुले छापाचा. सरकारनं रिकाम्या लष्कराला आणि पोलिसांना ताली-बंधारे घालायला लावावं, म्हणजे पाणी शेतात मुरेल. हा सल्ला कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

यवतमाळचे सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, अमरावतीकडच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ साली. विदर्भात 'सुभाष' नावाचा शेतकरी दिसला तर जपून बोलावं. पाळेकरांच्या जीवामृताबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि ते असावेत. मला मात्र त्या कृतीतली शेवटची ओळ भारी वाटते. दोनशे लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि मग धुऱ्यावरची मूठभर माती. वावरातली नाही, धुऱ्यावरची. म्हणजे जिला नांगर लागलेला नाही ती.

नांगर नकोच म्हणणारेही आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर उसात कित्येक वर्षं न नांगरता शेती करत आले. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र काढलं. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडून त्यात बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच. कंबर वाचते, डिझेल वाचतं, गांडुळं वाढतात. एक कुरबूर राहते ती तणनाशकाची. नांगर सोडायचा तर तण कशानं मारायचं, या प्रश्नाला अजून सगळ्यांना पटणारं उत्तर नाही. ज्यानं एकदा पावसाळ्यात तण उपटलंय तो यावर फार शहाणपणा करणार नाही.

आणि आपल्या पूर्वेकडच्या धानवाल्यांना हे सांगायला जाल तर ते हसतील. उभ्या धानात, कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच लाखोळी किंवा जवस फेकायची, धान कापून नेलं की खालून ती वर. ना नांगर, ना पाणी. आजा हे कोणत्या कार्यशाळेत शिकला असेल?

वर्षात एक दिवस तर आपण सगळेच बिननांगरी असतो. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही.

नखाएवढा ट्रक

नखाच्या जाडीएवढी, म्हणजे एक मिलिमीटर माती एकरातून वाहून गेली तर किती? साधारण पाच टन. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. भारताची सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६.४ टन, असा १९८३ सालचा प्रसिद्ध अंदाज आहे. म्हणजे एकरामागे दरसाल एक भरलेला ट्रक कोणी पावती न फाडता घेऊन जातो. दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला हजार वर्षं लागू शकतात. झडी लागली की नाल्याचं पाणी गढूळ चहासारखं दिसतं ना, तो चहा आपल्या खर्चाचा.

बनियन टेस्ट

परदेशात शेतकरी सुती चड्डी पुरतात. खरंच. दोन महिन्यांनी उकरतात. माती जिवंत असेल तर जिवाणू-बुरश्या कापूस फस्त करतात आणि उरतं फक्त इलॅस्टिक. आम्ही कापूसवाले, आम्ही का मागे राहावं? जुलैच्या सुरुवातीला दोन जुन्या सुती बनियन घेतल्या. एक धुऱ्याला, गवताच्या मुळाशी. दुसरी वावराच्या मधोमध, जिथे दरवर्षी दोनदा नांगर आणि चारदा वखर फिरतो. दोन्हीकडे खुणेची काडी रोवली.

पोळा झाल्यावर उकरल्या. धुऱ्याची बनियन म्हणजे शिवणीचा पॉलिस्टर दोरा आणि कंपनीचं लेबल, त्यात गुंतलेली पांढरी मुळं आणि एक नाराज गांडूळ. मधली बनियन पिवळी पडली होती, काखेत दोन भोकं होती. ती तर आधीपासूनच होती.

घरी आणून अंगणात दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. काकू आल्या, दुसरी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे धुतली तं चालते अजून."